अठरा इंची घाट

आमच्या ऐरोलीच्या फ्लॅटला बाल्कनी आहे, असं खरेदीच्या कागदांत लिहिलंय. ती बाल्कनी पाहूनच मी फ्लॅट पसंत केला होता. तिथे खुर्ची टाकायची, संध्याकाळचा चहा प्यायचा, खाडीवरून वारा येईल, असा माझा बेत होता. आज तिथे माझा एक टॉवेलसुद्धा वाळत नाही. तिथे माझ्या नवऱ्याचा सह्याद्री आहे. एकूण चौदा ट्रे. कुठे डोंगर, कुठे जंगल, कुठे पांढऱ्या खडीची नदी, आणि सगळीकडे वीतभर उंचीची झाडं. माणसांचे कपडे हॉलमध्ये पंख्याखाली वाळतात, कारण दऱ्याखोऱ्यांना ऊन लागतं.

पाहुणे आले की म्हणत, "वा, बोन्साय वाटतं." मग नवरा त्यांना समजावायला बसे की कुंडीतलं एकटं झाड ते वेगळं आणि हे वेगळं; हा ट्रेमध्ये उभा केलेला अख्खा निसर्ग आहे, यात दगड कुठे, झाड कुठे, मोकळी जागा किती, या सगळ्याला अर्थ असतो. तोवर पाहुण्यांचा चहा गार होई. दुसऱ्यांदा येणारे पाहुणे बाल्कनीकडे पाठ करून बसत, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

सुरुवात तुर्भ्याला झाली. तो तिथल्या एका कारखान्यात मेन्टेनन्सला होता. पाण्याच्या टाकीच्या भिंतीत वडाची रोपं उगवली होती आणि भिंतीला तडे जातात म्हणून ती काढून टाकायचं काम याच्याकडे आलं. कुणाला तरी सांगून दहा मिनिटांत ते होण्यासारखं होतं. याने छिन्नी घेऊन दोन दिवस सिमेंट कोरलं आणि तीन रोपं मुळांसकट सोडवली. त्या संध्याकाळी जेवणाचा डबा घरी आला तो ओल्या फडक्यात गुंडाळलेली झाडं घेऊन. मी सवयीने डबा उघडला आणि बेसिनमध्ये उपडा केला. वडांवरून झालेलं आमचं ते पहिलं भांडण.

त्या तीन रोपांचा पुढे घाट झाला. पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी सापडलेला एक काळा दगड, त्या दगडावरून मुळं सोडलेले तीन वड, खाली शेवाळ आणि मधून वर चढत जाणारी बोटभर रुंदीची वाट. लांबी अठरा इंच. हा घाट पुरा व्हायला एकोणीस वर्षं लागली. सरकारी घाटसुद्धा याहून लवकर होतात, असं मी त्याला अधूनमधून सांगत असे. तो म्हणे, "अजून झालेला नाही."

या निसर्गाचे लाड विचारू नका. शेवाळावर दिवसातून दोनदा पाण्याचा फवारा, तोही हलका. फांद्यांना तारा गुंडाळायच्या, त्या वाकवायच्या, खोडात रुतायच्या आत सोडवायच्या. मुलीच्या बाळंतपणाला बंगळुरूला मी एकटीच गेले, कारण उन्हाळ्यात झाडांना दोन वेळा पाणी लागतं आणि जावयाच्या घरी निदान नळ तरी होता. बारशाला आजोबा सकाळच्या विमानाने आले आणि संध्याकाळच्या विमानाने गेले. एकदा गणपतीच्या सजावटीतली उरलेली प्लॅस्टिकची गाय मी घाटाच्या वाटेवर उभी केली. एवढं मोठं जंगल, एखादं जनावर असावं म्हणून. त्याने ती उचलून माझ्या मिसळणाच्या डब्यात ठेवली आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. ते दोन दिवस फार सुखात गेले.

हे सगळं मी अशा सुरात सांगतेय याचं कारण मला दुसरा सूर येत नाही. टोमणे मारणं हे माझं घरातलं कामच होतं म्हणा ना. तो ऐकून न ऐकल्यासारखं करी, मी बोलून न थकल्यासारखं करी, आणि दोघांचं बरं चाललं होतं.

यंदा फेब्रुवारीत एका सकाळी दाढी करताना त्याच्या हातातून रेझर पडला. तो उचलायला म्हणून वाकला आणि तसाच खाली बसला. पक्षाघात. उजवा हात, उजवा पाय, तोंडाची उजवी बाजू आणि बरेचसे शब्द गेले. वाशीच्या एका हॉस्पिटलात पंधरा दिवस काढून त्याला घरी आणलं, तेव्हा पहिला कळण्यासारखा शब्द त्याच्या तोंडून आला तो 'पाणी'. मी पेला घेऊन धावले. त्याने मान हलवली आणि डावा हात बाल्कनीच्या दिशेने केला. मी पेला टेबलावर आपटला, बाल्कनीत गेले आणि फवारा हातात घेऊन रडले.

आमच्या आतल्या खोलीतल्या पलंगापासून बाल्कनीपर्यंत सतरा पावलं आहेत. आधी ती मोजायची वेळ आली नव्हती. व्यायाम करून घ्यायला दिघ्याहून एक फिजिओथेरपिस्ट मुलगी येऊ लागली. तिने चार पायांची काठी आणली, उजव्या हातात दाबायला पिवळा रबरी चेंडू दिला आणि मोठ्या आवाजात विचारलं, "काका, हात बरा झाल्यावर सगळ्यात आधी काय करायचं?" तो म्हणाला, "कात्री." तिला वाटलं, काका टेलर आहेत. मी तिला बाल्कनी दाखवली. त्यानंतर तिला त्याच्याकडून व्यायाम करून घेणं सोपं गेलं. घाटाचं नाव काढलं की तो चेंडू दाबे, पाऊल उचले, पडला तरी पुन्हा उठे. बायकोचं नाव काढून काही उपयोग होतो का, ते तिने करून पाहिलं नाही, बरं झालं.

मे संपता संपता मी सहज तक्रार केली की घाटाला घातलेलं पाणी आत मुरतच नाही, वरच्यावर वाहून जातं. त्याचा चेहरा उतरला. शब्द जुळवत जुळवत त्याने सांगितलं, ट्रे मुळांनी गच्च भरलाय. झाड काढून मुळं छाटायला हवीत, माती बदलायला हवी. नाही तर वर्ष काढणार नाही. मग माझ्या हाताकडे बघून म्हणाला, "तू."

मी पलंगावर वर्तमानपत्रं पसरली. विटांचा चुरा माझ्या पिठाच्या चाळणीने चाळला. ती चाळणी एकोणीस वर्षं चोरून वापरली जात होती, यंदा प्रथमच राजरोस वापरली गेली. झाडं दगडासकट उचलली तर खाली मुळांची चटईच निघाली. तो "हं" म्हणाला की कापायचं, "अंहं" म्हणाला की थांबायचं. अशी दोन तास मी मुळं कापली. कापताना भीती वाटत होती, कारण जे हाती येत होतं ते सगळंच जिवंत दिसत होतं. शेवटी सुतळीने वड दगडाला बांधले, नवीन माती भरली. तो म्हणाला, "कोपऱ्यात. सावलीत. तीन आठवडे हलवू नको." आणि थोड्या वेळाने, "चांगलं केलंस." छत्तीस वर्षं मी याच्यासाठी भाज्या चिरल्या, तेव्हा कधी हे ऐकलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी स्वतः चालत बाल्कनीत जायचं आणि घाट बघायचा, असं त्याने ठरवलं. रोज एकेक पाऊल वाढवत अकरापर्यंत मजल गेली.

आणि माती बदलल्याच्या नवव्या दिवशी वटपौर्णिमा आली.

आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर राहणारी बाई मूळ इथल्याच गावची. जिथे आमचं पार्किंग आहे तिथे तिच्या सासऱ्याचं भाताचं शेत होतं, त्यामुळे सेक्रेटरी कुणीही असो, सोसायटी तीच चालवते. आदल्या दिवशी ती वर आली. दरवर्षी बायका बाजारातून वडाची फांदी आणून पुजायच्या; यंदा व्हॉट्सअ‍ॅपवर ठराव झाला होता की फांद्या तोडायच्या नाहीत, पर्यावरण वाचवायचं. पर्यावरण आमच्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवरच वाचतं.

ती म्हणाली, "वहिनी, तुमच्याकडं वड हाय ना. एक नाय, तीन."

"अहो, वीतभर आहेत ते."

"मंग काय झालं. आमच्या गावात मोटा वड व्हता, त्यो रस्त्यात गेला. आता बायकांनी कुनाच्या दारात जायाचं? घंटाभर द्या, मी सोता आनून ठेवीन."

मी वटपौर्णिमा करत नाही. ज्याच्याबरोबर एका जन्मात बाल्कनी मिळाली नाही, त्याला सात जन्म मागून काय करू, हे माझं दरवर्षीचं उत्तर सगळ्या बिल्डिंगला पाठ आहे. शिवाय तीन आठवडे हलवायचं नाही, हे सांगून मी सरळ नाही म्हणू शकले असते. पण आतल्या खोलीत तो वाकड्या ओठातून सांडणारी लाळ डाव्या हाताने पुसत होता. मला भीती वाटत होती. डॉक्टर म्हणाले होते की दुसरा झटका येऊ शकतो. तीन महिने मी ती भीती कुणाला सांगितली नव्हती. एखाद्या गोष्टीभोवती मुकाट फिरावं आणि काहीतरी मागावं, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. मी "न्या" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी फिजिओवाली आत त्याला उभं करत होती तेव्हा घाट लिफ्टने खाली गेला. पार्किंगमध्ये, दोन स्कूटरच्या मधे, प्लॅस्टिकच्या स्टुलावर त्याची प्रतिष्ठापना झाली. बावीस बायका होत्या, नऊवारी, नथी, सगळ्या थाटात. स्टुलाभोवती फिरायला जागा नव्हती म्हणून एक स्कूटर हलवली, तिचा अलार्म वाजू लागला आणि शेवटपर्यंत वाजत राहिला. त्या आवाजात बावीस जणींनी वडांना सूत गुंडाळलं. एकोणीस वर्षं ज्या फांदीला तार जरा घट्ट बसली तर नवरा जेवत नसे, ती फांदी सुताच्या भेंडोळ्यात दिसेनाशी झाली. दुधाचं पाणी पडलं, हळद-कुंकू पडलं, शेवाळावर आंबे आणि फणसाचे गरे ठेवले गेले. घाटातली वाट पिवळी झाली. मी सगळ्यांत शेवटी गेले. सात फेऱ्या मारल्या. कुणी हसलं नाही, त्याबद्दल मी त्या बायकांची ऋणी आहे.

वर आणून मी त्याच्याच कात्रीने सूत कापून काढलं. काढताना मधला वड हलला. दगडापासून सुटून लटकन हलला. मी सुतळी पुन्हा आवळली, हळद धुतली आणि ट्रे कोपऱ्यात ठेवून दिला.

चार दिवसांनी पानं पिवळी पडली. आठवड्याभरात सगळी गळली. तिन्ही वडांवर एक पान उरलं नाही. दगडावर नुसत्या काड्या उभ्या होत्या. मांजर आडवं गेलं तर मांजराची कीव करणारी बाई मी. पण मी जन्मात एकदा पूजा केली आणि झाड मेलं, आता याच्या मागे तो जाणार, असं माझ्या मनाने घेतलं. हे हसण्यासारखं आहे, मला ठाऊक आहे. मला हसू आलं नाही, एवढंच.

रोज सकाळी डोळे उघडले की तो विचारायचा, "पानं?"

"आहेत की."

"गळली?"

"एकही नाही."

पहिल्या दिवशी त्याच्या कपाळाला आठी पडली. मला वाटलं, विश्वास बसत नाहीये. दुसऱ्या दिवशी मी जोर लावून सांगितलं, "हिरवीगार आहेत. होती तशीच्या तशी." तिसऱ्या दिवशी चेंडू पलंगाखाली पडला तो त्याने मागितला नाही. मला वाटलं, याला झाडाची शंका आलीये, आणखी उमेद द्यायला हवी. म्हणून चौथ्या दिवशी मी नवीन पालवीही फोडून दाखवली. पोपटी रंगाची, हे माझ्या पदरचं. त्याने भिंतीकडे तोंड केलं.

जितकी मी घाटाची हिरवळ वाढवत गेले तितका तो खचत गेला. अकरा पावलांची आठ झाली, आठाची चार. मग तो उठेनाच. चार पायांची काठी भिंतीशी उभी राहिली आणि मी तिच्यावर टॉवेल वाळत घालू लागले, नाही तरी मला वाळवायला जागा कधी मिळालीच नव्हती. फिजिओवालीने मला स्वयंपाकघरात गाठलं आणि म्हणाली, "काकू, काकांनी प्रयत्नच सोडलेत. हेच दिवस महत्त्वाचे असतात हो. आता हात हलवला नाही तर तो तसाच राहील. घरात काय झालंय का?"

ती गेल्यावर मी बराच वेळ ओट्याशी उभी राहिले. खोटं बोलून तो हातचा चालला होता. खरं सांगून जाईल तर जाऊ दे, पण निदान मला दूषण देऊन तरी जाईल, असं काहीतरी मनात आलं. मी बाल्कनीत गेले, ट्रे उचलला, आत आणला आणि पलंगावर त्याच्या पायांशी ठेवला.

"हे बघा," मी म्हणाले, "मेलं तुमचं झाड. मी मारलं. वटपौर्णिमेला खाली दिलं होतं पुजायला. हलवू नका म्हणाला होतात तरी दिलं. मीपण फेऱ्या मारल्या. पालवीबिलवी काही नाही, सगळं खोटं सांगितलं." एका दमात एवढं बोलून मी थांबले. अख्ख्या बोलण्यात एक टोमणा नव्हता.

मग त्याचा डावा हात पुढे आला. अंगठ्याच्या नखाने त्याने मधल्या वडाची साल किंचित खरवडली. आत हिरवं होतं. ओलं, ताजं हिरवं. त्याने दुसरा खरवडला, तिसरा खरवडला. फांद्यांच्या टोकांना तांदळाच्या कण्यांएवढे कोंब होते. ते माझ्या डोळ्यांसमोर असणार, पण मी तिकडे बघायचंच टाळत होते. तो हसायला लागला. तोंडाची एकच बाजू हसत होती आणि दोन्ही डोळ्यांतून पाणी येत होतं.

मग त्याने शब्द जमवले. त्याला वेळ लागला, मी मधे बोलले नाही. मुळं कापली की वड पानं टाकतो. टाकायलाच हवीत. पान गळलं नाही असं मी रोज सांगत होते, तेव्हा त्याने ओळखलं की काहीतरी भयंकर झालंय आणि मी ते लपवतेय. पालवी आली म्हटल्यावर तर त्याची खात्रीच झाली. "वाटलं, फेकून दिलंस," तो म्हणाला.

"मला काय माहीत, पानं गळायला हवीत ते?"

तो माझ्याकडे बघत राहिला. जरा नवलानेच. "दर मे महिन्यात," तो म्हणाला, "मीच काढतो. कात्रीने. सगळी. मग बारीक येतात." थोडा थांबून म्हणाला, "पंधरा वर्षं."

पंधरा वर्षं दर मे महिन्यात हा घाट महिनाभर असाच उघडाबोडका उभा होता, माझ्या घरात, माझ्या चहाच्या कपापासून चार हातांवर. आणि ती पानं मी पाहिली होती. दरवर्षी बाल्कनीच्या लादीवरून मीच ती झाडली होती, केराच्या सुपलीत भरली होती आणि या झाडांच्या पायी माझी कंबर कशी मोडते यावर भाषण ठोकलं होतं. झाडू मारताना मान वर करून एकदाही पाहिलं नव्हतं की ती पानं आली कुठून.

मी पलंगाखाली वाकून चेंडू शोधला, पदराने पुसला आणि त्याच्या उजव्या हातात ठेवला. मग पलंगाच्या कडेला बसले आणि विचारलं, "आणखी काय काय करता तुम्ही तिथे?"

यातला टोमणा कुठे आहे, ते तो माझ्या चेहऱ्यावर बराच वेळ शोधत राहिला.